धाकटी गोळी

माझा पुतण्या गेली बारा वर्षे अमेरिकेत असतो. यंदा श्रावणात एका रात्री त्याचा फोन आला. पाऊस, घराची कौले, माझे गुडघे अशी नेहमीची चौकशी झाल्यावर तो जरा अडखळत म्हणाला, "काका, एक विचारायचं होतं. मी इथे नेमबाजीच्या क्लबात जातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एक पिस्तूल आणि एक रायफल घेतली आहे. पण सरावाची काडतुसं फार महाग पडतात. इथे दोन्हींसाठी टू-टूचे संच मिळतात. दोन-तीन भाग बदलले की त्याच शस्त्रातून धाकटी गोळी उडते. त्यांत कुठला घ्यावा? तुम्ही एवढी वर्षं पोरांना शिकवलंत, म्हणून विचारतो."

मी रत्नागिरीच्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि त्याच्या जोडीला राष्ट्रीय छात्रसेनेचे, म्हणजे एन.सी.सी.चे, काम पाहिले. त्यामुळे बंदुकीच्या बाबतीत जाणता म्हणून घरात माझाच लौकिक. तो म्हणत होता तसला संच मात्र मी जन्मात हाती धरलेला नव्हता. चार दिवसांनी सांगतो, असे म्हणून मी फोन ठेवला. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले, की आपले अर्धे आयुष्य बदललेल्या बंदुकांच्याच संगतीत गेले. आजोबांची बंदूक बदललेली होती आणि छात्रसेनेची रायफलही बदललेलीच होती. त्या चार दिवसांत जे आठवले आणि जे पुन्हा वाचून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी धाकट्या गोळीविषयी दोन शब्द. दिवाळीत मुले टिकल्या फोडतात. आघात झाला की पेटणारी तसलीच चिमूटभर दारू प्रत्येक काडतुसाच्या बुडाशी असते. मोठ्या काडतुसात ती बुडाच्या मध्यभागी एका लहानशा वाटीत बसवलेली असते. धाकट्या काडतुसात ती बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेली असते. बंदुकीची सुई त्या कडेवर बसते, कड चेपली जाते आणि बार उडतो. म्हणून याला रिमफायर म्हणतात. पॅरिसच्या फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास घरातल्या घरात नेम धरण्यासाठी असे इवलेसे काडतूस काढले. १८५७ मध्ये स्मिथ आणि वेसन या अमेरिकन जोडीने त्याचे पॉइंट टू-टू काडतूस केले. आज जगभर चालते ते 'लाँग रायफल' नावाचे काडतूस १८८७ चे. कड चेपता यावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो आणि पत्रा पातळ म्हणून दारू बेताची. एकदा उडालेले काडतूस पुन्हा भरून वापरताही येत नाही. पण ते स्वस्त पडते, आवाज थोडा करते आणि खांद्याला धक्का जवळजवळ देतच नाही. जुन्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे ११ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ७४० मीटरच्या घरात. टू-टूची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि वेग त्याच्या निम्म्याहून कमी. जोराचा हिशेब केला तर थोरली धाकटीच्या वीसपट भरते.

आता आमच्या घरच्या बंदुकीकडे वळतो. आजोबांच्या पडवीत खुंटीवर एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. कोकणात शेतीच्या राखणीसाठी अशा बंदुकांचे परवाने पूर्वीपासून आहेत. नाचणी तयार झाली की रानडुकरे उतरतात आणि आंबा धरला की माकडे येतात. मग नळीत दारू ओतायची, वर काथ्या ठासायचा, छरे टाकायचे, पुन्हा ठासायचे, घोड्याखाली केप बसवायची आणि माळ्यावर जाऊन बसायचे. बहुतेक वेळा बार हवेतच काढला जाई. त्या बंदुकीच्या घोड्यालगतच्या लोखंडी पट्टीवर बुजवलेली दोन भोके होती. मी एकदा त्याविषयी विचारले, तेव्हा आजोबा म्हणाले, "ही मूळची चकमकीची. माझ्या आज्याच्या वेळी लोहाराने गार काढून केप बसवली."

केपेची कल्पना अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याच्या शोधातून निघाली. चकमकीची ठिणगी आधी दिसे आणि बार मागाहून होई. तेवढ्यात पाखरे उडून जात. शिकारीचा शौकीन असलेला हा पाद्री त्या त्रासाला कंटाळला आणि आघाताने पेटणाऱ्या दारूचा हक्क त्याने १८०७ मध्ये नोंदवला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जगभरच्या लाखो चकमकी केपेच्या झाल्या. कारण साधे होते. नळी आणि दस्ता यांतच बंदुकीची खरी किंमत. तेवढे जपून फक्त बार पेटवायची तऱ्हा बदलली, की थोड्या खर्चात नवी बंदूक हाती येते. माझा पुतण्या अमेरिकेत बसून जे करू पाहत होता, ते आमच्या गावच्या लोहाराने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवले होते.

लोहाराने केलेला बदल सरळ होता. सरकारे मात्र तसाच बदल दोन निरनिराळ्या हेतूंनी करीत आली आहेत आणि या लेखात मला जे सांगायचे आहे ते तेवढेच.

रत्नागिरी जिल्हा हा मुंबई लष्कराचा जुना भरतीचा मुलूख. येथील मराठे आणि महार पिढ्यान् पिढ्या त्या लष्करात गेले. दापोलीला आजही लोक 'कॅम्प' म्हणतात, ते तेथील जुन्या छावणीमुळे आणि मागे राहिलेल्या पेन्शनरांमुळे. या शिपायांच्या हाती कोणती बंदूक द्यावी, हा १८५७ नंतर मोठा राजकीय प्रश्न होऊन बसला. एन्फील्डच्या काडतुसांवरून उठलेले वादळ सर्वांना माहीत आहे. त्यानंतर काय झाले हे फारसे सांगितले जात नाही. एन्फील्ड रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. १८५८ नंतर हिंदी शिपायांसाठी तीच बंदूक काढली, पण नळी आतून कोरून गुळगुळीत केलेली. बाहेरून पाहिले तर तोच दस्ता, तेच वजन आणि तीच संगीन. फरक फक्त नळीच्या पोटात. गोऱ्या शिपायाच्या रायफलीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. शेजारी उभ्या असलेल्या हिंदी शिपायाची गोळी शंभर यार्डांपलीकडे कुठे जाईल, हे दैवाधीन. बंदूक सुधारण्यासाठी नव्हे, तर बिघडवण्यासाठी कारागिराने श्रम घेतल्याचे हे उदाहरण मला फार बोलके वाटते.

पुढे १८६६ मध्ये जेकब स्नायडर या अमेरिकनाच्या युक्तीने जुन्या ठासणीच्या एन्फील्डचे बूड कापून तेथे बिजागरीचे झाकण बसवण्यात आले. आता काडतूस मागून भरता येऊ लागले. बिचारा स्नायडर आपल्या युक्तीचे पैसे मिळण्याची वाट पाहत त्याच वर्षी वारला. ही सुधारलेली बंदूक हिंदी पलटणींना मिळाली, पण ती गोऱ्या पलटणींनी मार्टिनी-हेन्री घेतल्यावर. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे लढाई झाली. तेथे इंग्रजांच्या ६६ व्या पलटणीजवळ मार्टिनी होत्या आणि तिच्या बाजूला उभ्या असलेल्या मुंबई ग्रेनेडियर्स व जेकब्ज रायफल्स यांच्या हाती स्नायडर. त्या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि सगळे खापर बंदुकीवर फोडणे योग्य नव्हे. पण एकाच रांगेत, एकाच शत्रूपुढे उभे राहून एकाने नवी आणि दुसऱ्याने एक पिढी मागची बंदूक चालवायची, ही रीत मुद्दाम ठेवलेली होती. दोन वर्षांपूर्वीच, १८७८ मध्ये, शस्त्रांचा कायदा आला होता. त्यात हिंदी माणसाला परवाना आवश्यक होता आणि युरोपियनांना सूट होती.

पुढे भरतीच बंद करून महारांच्या हातची बंदूक काढून घेण्यात आली, ती १८९० च्या दशकात. दापोलीला राहणारे लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध १८९४ मध्ये अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. बंदूक कोणाच्या हाती द्यावी आणि कोणती द्यावी, यावरून राज्यकर्त्याचा माणसावर किती विश्वास आहे ते मोजता येते.

विसाव्या शतकात हीच युक्ती पोलिसांच्या बंदुकीत पुन्हा दिसते. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्री रायफली कोरून त्यांच्या पॉइंट फोर-वन-झीरोच्या गुळगुळीत मस्केट केल्या जात. गोळ्यांच्या पेटीत लाकडी ठोकळा बसवून एका वेळी एकच काडतूस भरता येईल अशी व्यवस्था असे. शिवाय हेतू असा, की बंदूक कोणी हिसकावून घेतलीच, तर लष्कराचे काडतूस तिला उपयोगी पडू नये. दंगलीच्या वेळी मारा आवरलेला असावा हा विचार त्यात होता, हे मान्य. पण अविश्वासही होता.

आणि आता गंमत पहा. ज्या रायफलींचे असे पंख छाटले जात होते, त्याच रायफली कापून, त्यांत बारीक नळी बसवून, टू-टूची शिक्षणाची रायफल तयार होत होती. यंत्र तेच, पोलाद तेच, गोळी येथेही लहान केलेली. पण हेतू नेमका उलटा.

मोठ्या बंदुकीत बारीक नळी सारण्याची कल्पना रिचर्ड मॉरिस याने १८८० च्या दशकात रूढ केली. मार्टिनीच्या नळीत त्याची नळी बसवली, की बराकीच्या आवारातही नेमबाजी करता येई. मॉरिसचे काडतूस मात्र रिमफायर नव्हते, त्याची टिकली मध्यभागी असे. मग १८९९ मध्ये बोअर युद्ध आले. शेतावरून उठून आलेल्या बोअरांचा नेम आणि कवायतीत वाढलेल्या आपल्या शिपायांचा नेम यांतला फरक इंग्रजांना जिव्हारी लागला. लॉर्ड रॉबर्ट्स यांनी गावोगावी नेमबाजीची मंडळे काढा, असा घोष लावला. मंडळे सामान्य माणसांची, तेव्हा खर्च थोडा हवा. तेथे टू-टूने बाजी मारली आणि लष्करानेही जुन्या रायफली टू-टूच्या करून घेतल्या.

आमच्या छात्रसेनेची 'नंबर टू मार्क फोर' ही त्याच कुळातली. बाहेरून ती संपूर्ण थ्री-नॉट-थ्री. आत काहींची नळी मुळापासून नवी, तर काहींच्या जुन्या नळीत पोलादी अस्तर बसवून बारीक केलेली. बोल्टचे टोक बदललेले, कारण सुई आता मध्यावर नव्हे तर कडेवर बसायला हवी. गोळ्यांच्या पेटीचे पोट रिकामे करून तिचा उपयोग उडालेली पुंगळी झेलण्यापुरता ठेवलेला. दस्ता, चाप, माशी, वजन सारे थोरल्या बहिणीचे.

तिची किंमत मला फार लवकर कळली. १९६२ च्या चीन युद्धानंतर कॉलेजच्या मुलांना छात्रसेना सक्तीची झाली होती. मी १९६५ मध्ये कॉलेजात गेलो. शिबिरात काही कारणाने आमच्या तुकडीच्या हाती पहिल्यांदाच थ्री-नॉट-थ्री आली. मी अंगाने काटकुळा. दस्ता खांद्याला नीट लावलेला नव्हता. बार झाला, खांद्यावर सोटा बसावा तसे झाले आणि कानात दिवसभर गुणगुण राहिली. खांद्याचा काळानिळा डाग आठवड्यात गेला. पण मनात बसलेली भीती काही जाईना. त्यानंतर चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटत, खांदा पुढे येई आणि गोळी लक्ष्याच्या खाली मातीत जाई. आपण घाबरतो हे मला स्वतःलाही समजत नव्हते. हात स्थिर नाही, असेच मी म्हणत असे.

एका जुन्या सुभेदाराने ते ओळखले. त्याने मला टू-टू दिली आणि स्वतः काडतुसे भरून देऊ लागला. मध्येच तो मला न सांगता नकली काडतूस घालत असे. चाप ओढला, बार झालाच नाही आणि तरीही रायफलीचे तोंड हिसक्याने खाली गेले. ते माझे मला दिसले. "बंदूक नाही हलली, तू हललास," असे तो म्हणाला. तीन दिवस हे चालले. चौथ्या दिवशी बार झाला तेव्हा माझे डोळे उघडे होते. थोरल्या गोळीने घातलेली भीती धाकटीने काढली. थोरलीकडे मी पुढे परत गेलो आणि पुन्हा कधी डोळे मिटले नाहीत.

एवढे भोगूनही पुढे माझ्या हातून जी चूक झाली ती सांगणे भाग आहे. मी शिक्षक झालो, छात्रसेनेचे काम माझ्याकडे आले. आमचे मैदान म्हणजे एक सोडून दिलेली चिरेखाण. जांभ्याच्या भिंतीपुढे मातीचा उंच बांध घातलेला, पंचवीस यार्डांवर लक्ष्ये. दर मुलास पाच गोळ्या. त्या पाच गोळ्या कागदावर किती जवळ-जवळ बसतात ते पाहायचे. एका वर्षी काडतुसे कमी आली. मी यादी केली आणि सहजपणे मुलींची नावे गाळली. मुलींना धक्का सोसत नाही, त्या दचकतात, पुढच्या वर्षी पाहू, असे मनाशी म्हटले. दुसऱ्या दिवशी संगमेश्वराकडची एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या वडिलांचा राखणीचा परवाना होता. ती म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं होतंत की तुम्ही पहिल्यांदा घाबरला होतात. मग तुमचं नाव कुणी गाळलं नाही ते?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पाचांच्या तीन गोळ्या केल्या आणि सर्वांना बसवले. त्या मुलीच्या तीनही गोळ्या आठ आण्याच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. ती पुढे पोलिसांत गेली. मी मात्र कित्येक दिवस १८५८ ची ती गुळगुळीत नळी आठवत होतो. कानस चालवायला कारखाना लागत नाही, नावांची यादी पुरते.

महाराष्ट्रात आज या धाकट्या गोळीला कोणी धाकटी म्हणणार नाही. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफलीत जगज्जेती झाली, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले, ते याच टू-टूवर.

चार दिवसांनी मी पुतण्याला फोन केला. "संच घे," म्हटले, "पण चार गोष्टी पाहून घे.

"पहिली गोष्ट चापाची. पिस्तुलाच्या संचात सरकणारा वरचा भाग, नळी आणि गोळ्यांची पेटी एवढेच बदलावे. मूठ आणि चाप तुझ्या नेहमीच्याच राहाव्यात. बोटाला शिकायचे असते ते चापावर. धाकट्या गोळीला मोठ्या पिस्तुलाचा जड भाग मागे ढकलण्याइतका जोर नसतो. म्हणून हल्ली तो भाग हलक्या धातूचा करतात. कोल्टने १९३० च्या दशकात यावर दुसरी तोड काढली होती. विल्यम्स नावाच्या गृहस्थाने काडतुसाचे घरच मागेपुढे सरकते केले. त्याने जोर वाढून धक्काही थोरल्या पिस्तुलासारखा बसे. हा विल्यम्स कैदेत असताना तुरुंगाच्या कारखान्यात बंदुका बनवायला शिकला होता. असो. संचाचे सुटे भाग आणि जादा पेटी सहज मिळते का, हे आधी विचार. काही संच जोरकस काडतुसावरच नीट चालतात, तेही पाहा.

"दुसरी रायफलीची. तुझी रायफल ५.५६ ची. तिच्या नळीचा व्यास टू-टूच्या फार जवळ आहे, म्हणून नुसता बोल्ट आणि पेटी बदलून काम भागते. अमेरिकन लष्कराचा तसा संच होता. पण त्या नळीतल्या खाचांचा पीळ वेगवान, बहुधा सात-नऊ इंचांत एक फेरा. टू-टूला सोळा इंचांत एक पुरतो. गोळी उडेल, पण नेम सैल पडेल आणि वायूच्या भोकात शिसे साचेल. पैसे असतील तर स्वतःची टू-टूची नळी असलेला सबंध वरचा भाग घे.

"तिसरी, माशीची. गोळी बदलली की तिचा ठोका बदलतो. दर खेपेस नेम नव्याने जुळवून घे आणि आकडे वहीत लिहून ठेव.

"चौथी, सावधपणाची. दोन्ही काडतुसे एका टेबलावर कधी ठेवू नकोस. बार झाला नाही तर लगेच उघडू नकोस, तोंड बांधाकडे धरून थांब. रिमफायर कधी कधी फुसकी निघते, कधी उशिरा पेटते. आणि धाकटी म्हणून हलकी समजू नकोस. ती दीड मैल जाते आणि माणूस मारते."

तो म्हणाला, "आणि काका, तिकडे असा संच मिळतो?"

मी हसलो. तिकडे पिस्तुलाची चौकट हेच शस्त्र, बाकीचे सुटे सामान मानतात. आपल्या १९५९ च्या कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रच. नळी घ्यायची तरी परवाना पाहिजे. शिवाय ज्या मोठ्या शस्त्रांत ही नळी घालायची, त्यांतली बहुतेक आपल्याकडे सामान्य माणसाला वर्ज्य. ठासणीची बंदूक मात्र राखणीसाठी कायद्याने मान्य केली आहे. आजोबांची बंदूक आता माझ्या धाकट्या भावाच्या नावावर आहे. निवडणूक आली की तो ती कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करतो, पावती घेतो आणि निकाल लागेपर्यंत माकडांना पत्र्याचा डबा वाजवून हाकतो.

गणपतीच्या दिवसांत पुतण्याने फोनवर कागदाचे एक छायाचित्र पाठवले. त्यावर पाच भोके होती. चार एकमेकांना लागून, एक जरासे बाजूला. खाली त्याने लिहिले होते, "काका, बाजूचं पहिलं आहे. पुढच्या चारांना डोळे उघडे होते."